न मोडलेलं मनगट

डॉ. चंद्रशेखर उकिडवे यांना स्वतःचं कौतुक ऐकायला फार आवडे. मात्र आवडतं असं कोणी म्हटलेलं त्यांना मुळीच खपत नसे. अमेरिकेतल्या पार्सिपनीत सदतीस वर्षं लहान मुलांचे डॉक्टर म्हणून काढल्यावर कौतुकाचा तुटवडा तसा नव्हताच. ग्रोसरीच्या रांगेत, बँकेत, कुठेही एखादा दाढीवाला आडदांड माणूस समोर उभा राहायचा आणि म्हणायचा, "डॉक्टर यू! ओळखलंत का? तुम्ही मला डायनोसॉरचे स्टिकर द्यायचात!" उकिडवे हे आडनाव अमेरिकन जिभेला झेपेना, म्हणून गावाने त्याचं पहिलं इंग्रजी अक्षर तेवढं ठेवून घेतलं होतं. डॉक्टर अशा वेळी "असू दे, असू दे" असं हाताने करत आणि घरी गेल्यावर वीणाताईंना, म्हणजे बायकोला, ती हकिगत तीनदा सांगत.

म्हणूनच अंतराचा फोन आला तेव्हा स्वारी एकदम खुशीत आली. अंतरा त्यांची एकुलती एक मुलगी. वय एकोणचाळीस, एका औषध कंपनीत बड्या हुद्द्यावर. "बाबा, शनिवारी फ्री आहात? मला गोल्फ क्लब्ज फिट करून घ्यायचेत," ती म्हणाली. "ऑफिसमधले सगळे डिसिजन्स गोल्फ कोर्सवर होतात, यार. मी एकटीच मागे राहते. तुम्ही बरोबर या, तुम्हाला कळतं त्यातलं."

"धांदू, तू आणि गोल्फ?" डॉक्टर खो खो हसले. "पुन्हा?"

धांदू म्हणजे धांदरट. हे नाव लाडाचं होतं; निदान डॉक्टरांच्या मते. अंतराच्या हातून लहानपणापासून काही ना काही सांडायचं, पडायचं, तुटायचं. कात्रीने कागद वाकडा कापला जायचा. व्हायोलिनच्या बाईंनी दोन महिन्यांत हात टेकले. कॉलेजात असताना डॉक्टरांनी आपले जुने क्लब्ज, म्हणजे गोल्फच्या काठ्या, तिला देऊन सलग चार उन्हाळे गोल्फ शिकवायचा प्रयत्न केला, आणि तिने त्या चार उन्हाळ्यांत कोर्सवरचं गवत तेवढं उपटलं. 'आमच्या धांदूने नेम धरला की बॉल सोडून सगळ्यांनी बाजूला व्हावं,' हा डॉक्टरांचा विनोद मराठी मंडळात इतक्यांदा होऊन गेला होता, की लोक आता तो संपायच्या आतच हसून मोकळे होत. अंतराही हसायची. सगळ्यांत मोठ्याने तीच हसायची.

दुकान रूट ४६ वर होतं. लहानसंच, पण आत एका बाजूला जाळी लावून बॉल मारायची जागा केलेली. मालक कॉनर नावाचा एक्केचाळीस-बेचाळीस वर्षांचा तांबूस केसांचा माणूस. क्लब्ज विकण्याआधी तो गिऱ्हाइकाचं माप घेई. उंची किती, सरळ उभं राहिल्यावर मनगट जमिनीपासून किती वर, पंजा केवढा, सगळं टेपने मोजून फॉर्मवर लिही. ब्लाउज शिवायला टाकावा तसाच प्रकार. त्यावरून दांड्याची लांबी ठरायची, मूठ किती जाड हवी ते ठरायचं, दांडा कडक घ्यायचा की लवचिक ते ठरायचं.

फॉर्मवरचं आडनाव वाचून कॉनर थांबला. "उकिडवे? डॉक्टर यू तुमचे कोण?"

"ते काय, खुर्चीत बसलेत," अंतरा म्हणाली.

झालं. कॉनर टेप टाकून धावत आला आणि डॉक्टरांचा हात दोन्ही हातांत धरून गदागदा हलवायला लागला. "सर, मी कॉनर! तुम्ही माझे डॉक्टर होतात! आज मी जो काही आहे तो तुमच्यामुळे. सांगतो, थांबा, आधी हिचं माप घेतो, मग सांगतो." डॉक्टरांनी "असू दे, असू दे" केलं आणि अंतरा बघते आहे ना हे डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहून घेतलं. ती बघत होती. डॉक्टर खुर्चीत जरा पसरून बसले.

कॉनर फॉर्मवरचे प्रश्न विचारू लागला. आधी कधी खेळलात, पाठ दुखते का, गुडघे कसे आहेत. "हातांना, मनगटांना कधी काही इजा?"

"डावं मनगट," अंतरा सहज म्हणाली. "चार वर्षांची असताना फ्रॅक्चर झालं होतं. बाबांनीच घरी ट्रीट केलं. अजूनही जड उचललं की थोडं दुखतं."

"कुठलं हाड, डॉक?" कॉनरने पेन वर धरलं.

अशा वेळी माणसाने खोकावं, पाणी मागावं, ऐकू आलं नाही असं दाखवावं. डॉक्टरांनी यातलं काहीच केलं नाही. "रेडियस," ते म्हणाले. "ग्रीनस्टिक. लहान मुलांचं हाड ओल्या फांदीसारखं असतं, तुटत नाही, नुसतं चिरतं." आवाज असा, की सदतीस वर्षांचा अनुभव बोलतो आहे. कॉनरने ते लिहूनही घेतलं.

आणि डॉक्टरांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. कारण ते हाड मोडलंच नव्हतं. रेडियस नाही, अल्ना नाही, त्या मनगटातल्या आठ बारक्या हाडांपैकी एकही नाही.

१९९० साल होतं. गणपतीत एडिसनला एका ओळखीच्यांकडे आरतीला गेले होते. चार वर्षांच्या अंतराने प्रसादाला डावा हात पुढे केला. ती सगळंच डाव्या हाताने करायची; चमचा, खडू, चेंडू, सगळं. घरच्या बाई हसत म्हणाल्या, "अगं बाई, डॉक्टरांकडे हात कुठला पुढे करायचा ते शिकवत नाहीत वाटतं?" चार लोक हसले. बस, एवढंच झालं होतं. पण डॉक्टरांच्या ते फार जिव्हारी लागलं. आठ दिवसांनी त्यांची आई साताऱ्याहून यायची होती. त्या रात्री त्यांनी क्लिनिकच्या बॅगेतून बँडेजची गुंडाळी काढली आणि मुलीच्या धडधाकट डाव्या हाताला बोटांपासून कोपरापर्यंत बँडेज बांधलं. "हाताला बाऊ झालाय, सोनू. बरा होईपर्यंत उजव्या हाताने जेवायचं." वीणाताईंनी हात धरला तेव्हा म्हणाले, "आईला चालणार नाही. पुढे हिलाच त्रास होईल."

सहा आठवडे. दर रविवारी ते बँडेज बदलत, आणि एरवी कुठल्याही पोराच्या बापाला सुनावलं असतं ते सगळं स्वतःच्या घरात विसरत. आणि आईला चालणार नाही, हेही खोटंच निघालं. म्हातारीने नातीचा तो हात पाहिला आणि बँडेज सुटेपर्यंत तिला मांडीवर घेऊन स्वतः भरवलं. एकदा नुसती म्हणाली, "फोटोत ही डावरी दिसायची रे. छान दिसायचं."

बँडेज सुटलं, पण अंतराच्या मनातला बाऊ काही सुटला नाही. बाऊचं पुढे फ्रॅक्चर झालं, तेही तिनेच केलं. आजीच्या मांडीवरचा बँडेजवाला फोटो होता ना पुरावा म्हणून. शाळेत, कॉलेजात, बाळंतपणात, दर मेडिकल फॉर्मवर ती लिहीत आली होती: डावं मनगट, फ्रॅक्चर, वय वर्षं चार. डॉक्टरांनी ते प्रत्येक वेळी वाचलं होतं आणि प्रत्येक वेळी गप्प बसले होते. आज मात्र त्यांनी मोडलेल्या हाडाचं नावसुद्धा सांगून टाकलं होतं.

इकडे अंतरा जाळीसमोर उभी राहून बॉल मारत होती. मारत होती म्हणणं जरा जास्तच झालं. पहिले दोन बॉल जागचे हलले नाहीत. तिसरा शेजारच्या पडद्यावर गेला. कॉनरने क्लबच्या तोंडाला एक स्टिकर चिकटवला होता. बॉल लागतो तिथे त्याच्यावर डाग उमटतो. डाग कधी टोकाला, कधी टाचेला, मध्ये म्हणून नाही. त्याने लांब दांडा दिला, आखूड दिला, हलका दिला. काही फरक पडेना.

"मी फार क्लम्झी आहे," अंतरा त्याला हसत म्हणाली. "घरी मला नावच ते आहे. बाबा, सांगा ना तुमचा जोक."

डॉक्टरांना तो जोक आठवेना.

कॉनर मात्र हसला नाही. तो दोन पावलं मागे गेला, खिशातून बॉल काढला आणि काही न सांगता तिच्याकडे फेकला. अंतराने दचकून हात वर केला आणि बॉल झेलला. डाव्या हातात.

"मला वाटलंच," असं म्हणत कॉनरने कोपऱ्यातून स्वतःचा क्लब आणला. तो डावखुऱ्यांचा होता, तोंड उलट्या बाजूला. "जरा गंमत म्हणून उलटं उभं राहा."

अंतरा उलटी उभी राहिली. आधी जरा ओशाळली, मग तिचे खांदे आपोआप सैल पडले, गुडघे वाकले. तिने क्लब उचलला आणि फिरवला. टक्क असा स्वच्छ आवाज आला आणि बॉल सरळ जाळीच्या मधोमध जाऊन आदळला. स्टिकरवरचा डाग जवळजवळ मध्यावर होता. तिने आणखी एक मारला, मग आणखी एक. तीन बॉल, तिन्ही सरळ. ती वळली तेव्हा तिचं तोंड उघडंच होतं.

"बाबा! बघितलंत? हाऊ इज धिस पॉसिबल? मी लहानपणी लेफ्टी होते का?"

"छे," डॉक्टर म्हणाले.

म्हणजे एका तासात दोन थापा. डॉक्टरांनी मोजलं. मोजायचं नव्हतं, पण मोजलं गेलं.

"आता माझी गोष्ट," कॉनर म्हणाला आणि काउंटरमागच्या भिंतीवरून एक फ्रेम काढून घेऊन आला. "मी पहिलीत होतो. बाई माझ्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात द्यायच्या. आजी घरी चापट मारायची. मी तोतरा बोलायला लागलो. आई मला घेऊन डॉक्टर यूंकडे गेली आणि त्यांनी शाळेला हे पत्र लिहिलं. माझ्या आजीलाही बोलावून चांगलं झापलं! हे पत्र मी दुकान उघडलं त्या दिवसापासून इथे लावलंय."

अंतराने ते मोठ्याने वाचलं. इंग्रजीतलं चार ओळींचं पत्र होतं: हे मूल डावखुरं आहे, आजारी नाही. त्याच्या हाताला त्याचं काम कळतं. मोठ्या माणसांनी मध्ये येऊ नये. आपल्याला लाज वाटते म्हणून मुलाचा हात बदलू नये. खाली तारीख, १४ सप्टेंबर १९९०. खाली डॉक्टरांची ऐटदार सही.

चौदा सप्टेंबर. डॉक्टरांना तो आठवडा लख्ख आठवला. दुपारी त्यांनी हे पत्र टाइप करून घेतलं होतं आणि त्याच आठवड्यात घरी मुलीचं बँडेज बदललं होतं. बाहेर एक आणि घरात एक, आणि तेही इतक्या सहज, की त्या वेळी त्यांना त्यात काही विसंगती जाणवलीसुद्धा नव्हती.

अंतरा फ्रेम छातीशी धरून त्यांच्याकडे बघत होती. तिचे डोळे भरून आले होते. "बाबा, तुम्ही हे कधी सांगितलं नाहीत. आय ॲम सो प्राउड ऑफ यू."

आयुष्यभर डॉक्टर या मुलीच्या तोंडून असं काहीतरी ऐकायला टपलेले होते. ते आज मिळालं, आणि त्यांना वाटलं की आपण या खुर्चीसकट जमिनीत गेलो तर बरं. "असू दे" हे दोन शब्दही तोंडातून बाहेर पडेनात. तिला काही म्हणजे काही संशय आलेला नव्हता. गप्प बसलं की विषय इथेच मिटणार होता. मुलगी आयुष्यभर अभिमानाने हे पत्र आठवणार होती. आणि डॉक्टरांना गप्प बसण्याची पस्तीस वर्षांची सवय होती.

कॉनर फॉर्म पुरा करत होता. "डाव्या हाताचा सेट मागवू. फक्त एक गोष्ट. मारते छान, पण बॉल लागायच्या क्षणी हिचा डावा हात आखडतो. दर वेळी. मोडलेला हात माणूस असाच जपतो, कितीही वर्षं झाली तरी. तेव्हा मी सगळ्यांत हलका, मऊ दांडा घेतो, म्हणजे मनगटावर जोर येणार नाही. बॉल जरा कमी जाईल, पण या हाताकडून जास्त मागायला नको. बरोबर ना, डॉक? एकदा हिच्या मापाने बनवले की परत घेता येत नाहीत, म्हणून विचारतो."

अंतराने नकळत डावं मनगट उजव्या हातात धरलं होतं. अगदी तसंच. चार वर्षांची असताना ती तो बांधलेला हात असाच छातीशी धरून घरभर हिंडायची. कोणी जवळ आलं की "बाऊ, बाऊ" म्हणून अंग चोरायची. कुठे दुखतं विचारलं की रडायची, कारण तिला खरंच दुखायचं. बाबांनी सांगितलं होतं ना, दुखतंय म्हणून.

"नको," डॉक्टर म्हणाले. मग मराठीत, आणि जमिनीकडे बघत. "अंतरा, त्याला सांग मऊ दांडा नको. तुझं मनगट ठणठणीत आहे. ते कधी मोडलंच नव्हतं."

"म्हणजे? आता तर तुम्ही—"

"आत्ता खोटं बोललो. तेव्हाही बोललो. तू डावरी होतीस. चारचौघांत मला लाज वाटली म्हणून मी तुझा चांगला हात बांधून ठेवला. सहा आठवडे. आईला सांगितलं आजीसाठी करतो म्हणून. आजीला काहीही वाटलं नव्हतं. मलाच वाटत होतं."

कॉनरला मराठीचा एक शब्दही कळला नसणार. पण सदतीस वर्षं त्याच्यासारख्यांना सुया टोचणाऱ्या डॉक्टर यूंना मान खाली घालून बसलेलं पाहून तो हळूच उठला आणि उगाचच आतल्या खोलीत गेला.

अंतराने फ्रेम काउंटरवर ठेवली. पुन्हा एकदा तारीख वाचली. "सप्टेंबर नाइन्टी," ती म्हणाली. "तो आजीबरोबरचा फोटो. त्याच्या मागेही सप्टेंबर नाइन्टी लिहिलंय."

"हो."

"आईला माहीत होतं?"

"हो. ती नको म्हणत होती."

ती ओरडली असती तर डॉक्टरांना सोपं गेलं असतं. ती ओरडली नाही. जाळीपाशी गेली, कॉनरचा क्लब उचलला, उलटी उभी राहिली आणि बॉल मारू लागली. एकामागून एक. पहिल्या चार-पाच वेळा तो हात तसाच आखडला. मग तिने दात आवळले आणि फिरवला पुरता, खांद्यापर्यंत. आवाज असा झाला की कॉनर बाहेर आला. बॉल किती लांब जाईल ते दाखवणाऱ्या मशीनवरचा आकडा कितीतरी वर गेला होता. तिने मनगट डोळ्यांसमोर धरून उलटसुलट करून पाहिलं.

"दुखलं नाही," ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते कळलं नाही.

"फ्रॅक्चर नव्हतंच," एवढंच तिने कॉनरला सांगितलं. त्याने काही न विचारता इजेच्या रकान्यातलं ग्रीनस्टिक खोडून काढलं आणि कडक दांड्याची ऑर्डर लिहिली. अंतराने सही केली, उजव्या हाताने. डॉक्टरांना निरोप देताना कॉनर पुन्हा त्यांचा हात हातात घ्यायला पुढे आला, तर डॉक्टरांनी तो खिशातून बाहेरच काढला नाही.

गाडीत बसल्यावर तिने चावी लावली नाही. पार्किंगमधून लोक ट्रॉल्या ढकलत जात होते. डॉक्टर मनाशी माफीचं वाक्य जुळवत होते आणि त्यातला प्रत्येक शब्द त्यांना त्या पत्रासारखा ऐटदार वाटत होता.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "मला धांदू कधीपासून म्हणायला लागलात?"

डॉक्टरांना उत्तर माहीत होतं. आठवत नाही म्हणता आलं असतं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाचं ते कोणीही खरं मानलं असतं.

"त्याच वर्षी," ते म्हणाले. "ऑक्टोबरात. तू दुधाचा ग्लास सांडलास तेव्हा."

"कुठल्या हाताने?"

"उजव्या."

तिने मान हलवली, कुठला तरी हिशेब लागल्यासारखी. मग गाडी सुरू केली. "सीटबेल्ट लावा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी पट्टा ओढला. पण टोकाची पट्टी खाचेत जाईना; एकदा, दोनदा, तिसऱ्यांदाही निसटली. अंतराने क्षणभर पाहिलं, मग त्यांच्या हातातून ती घेतली आणि उजव्या हाताने, पहिल्याच झटक्यात, बसवून दिली.